मेहेरबानी नको, जागा द्या!

दहा दिनार ही काही मोठी रक्कम नव्हे. कुवेतमध्ये वीस-बावीस वर्षे वैद्यकीय सेवेत काढलेल्या माणसाच्या खिशाला ती जड नाही, हे प्रारंभीच कबूल करतो. तरीही या दहा दिनारांसाठी मी पाच आठवडे पत्रव्यवहार केला आणि ते परत मिळत असताना नाकारले. आपल्यातील अनेक स्नेह्यांनी मला वेड्यात काढले. "डॉक्टरसाहेब, एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला वाद? आपण परक्या मुलखात पोटासाठी आलेली माणसे," असा आपुलकीचा उपदेशही झाला. ती आपुलकी मी जाणतो. परंतु तो उपदेश मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

घटना साधी आहे. माझ्या सहचारिणीला गेली अकरा वर्षे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा विकार आहे. घरात ती भिंतीच्या आधाराने चालते, बाहेर व्हीलचेअर लागते. गेल्या जुलै महिन्यात एका दुपारी तिला चष्म्यासाठी मी एका खासगी व्यापारी संकुलात घेऊन गेलो. तेथील वाहनतळ सशुल्क आहे. लिफ्टजवळ निळ्या रंगाने रंगविलेल्या, व्हीलचेअरचे चिन्ह असलेल्या दोन जागा आहेत. त्यांपैकी एका जागेवर व्हॅलेवाल्यांनी आपले प्लास्टिकचे शंकू मांडून ठेवले होते. दुसऱ्या जागेवर एक झगझगीत गाडी उभी होती आणि तिच्या काचेवर अपंगांचे कोणतेही कार्ड नव्हते. रखवालदाराने मला मागील उघड्या मैदानाकडे बोट दाखविले. तेथून दरवाजापर्यंत दोनशे पावलांहून अधिक अंतर, डोक्यावर आग ओकणारे ऊन. मी गाडी दरवाजाजवळच्या कोपऱ्यात, कोणाचीही वाट न अडवता उभी केली, व्हीलचेअर उतरविली आणि पत्नीला वर नेऊन बसविले. वीस मिनिटांनी खाली येऊन पाहतो तो चाकाला जॅमर! दहा दिनार भरा आणि गाडी न्या.

मी व्यवस्थापकास भेटलो. पत्नीजवळ भारत सरकारचे यूडीआयडी कार्ड आहे, ते दाखविले. हे कार्ड येथील कोणालाही बांधील नाही, याची मला पूर्ण कल्पना होती. ते मी सवलतीसाठी दाखविले नाही. ही स्त्री खरोखरच चालू शकत नाही, एवढाच पुरावा म्हणून दाखविले. माझा मुद्दा निराळा होता. अपंगांसाठी राखलेली जागा तुम्हीच शंकू ठेवून बंद केली. ती बंद केल्यामुळे मला अन्यत्र थांबावे लागले. मग तुमच्याच चुकीचा दंड तुम्ही माझ्याकडून कोणत्या न्यायाने घेता? व्यवस्थापकाने शांतपणे उत्तर दिले, "ही खासगी जागा आहे. येथे आमचे नियम चालतात."

वाचकहो, हे उत्तर नीट ऐका. मला तर ते ऐकताच ओळखीचे वाटले. आपल्या आजोबा-पणजोबांनी ते याआधी ऐकलेले आहे!

4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदोपत्री खुले झाले. 1924 च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागद तयार होता. पाणी मात्र दूरच होते. ते पाणी ओंजळीत येण्यासाठी 20 मार्च 1927 हा दिवस उजाडावा लागला. पुढे प्रतिपक्ष न्यायालयात गेला. तेथे त्याने काय म्हणणे मांडले? हे तळे सार्वजनिक नव्हेच, ते खासगी मालकीचे आहे! हे म्हणणे फेटाळले जाऊन मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला 17 मार्च 1937 हा दिवस यावा लागला. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

येथे गैरसमज नको. अस्पृश्यता आणि अपंगत्व या एकच गोष्टी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. अस्पृश्यतेत माणसाचा स्पर्शच पाप ठरविला होता. तिच्यामागे धर्माची आज्ञा होती, गावाचा बहिष्कार होता. माझ्या पत्नीला त्या वाहनतळावर कोणी विटाळ मानले नाही. परंतु दरवाजा बंद ठेवण्यासाठी जी सबब पुढे केली जाते, ती मात्र तीच आहे. "आमची मालकी, आमचा नियम." म्हणूनच भारतीय संविधानाच्या कलम 15 मधील दुसऱ्या उपकलमाकडे मी आपले लक्ष वेधतो. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. दुकान कोणाचे असते? खासगी मालकाचेच ना! तरीही संविधानाने त्याला सांगितले की, ज्या क्षणी तू जनतेसाठी दार उघडलेस, त्या क्षणी आत कोणी यावे हे ठरविण्याचा तुझा मनमानी अधिकार संपला. त्या यादीत अपंगत्व हा शब्द नाही, ही उणीव आहे. ती भरून काढण्याचे काम प्रथम 1995 च्या आणि नंतर 2016 च्या कायद्याने हाती घेतले.

आता जगातील कायदा काय सांगतो ते पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराला भारताने 2007 साली मान्यता दिली आणि कुवेत 2013 साली त्यात सामील झाला. या कराराचे नववे कलम सुगम्यतेविषयी आहे. जनतेसाठी खुल्या असलेल्या सुविधा पुरविणाऱ्या खासगी संस्थांनीही अपंगांच्या सुगम्यतेचा विचार करावा, याची खातरजमा राज्याने केली पाहिजे, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. म्हणजे 'खासगी' ही सबब त्या करारात आधीच निकालात निघाली आहे. कुवेतने 2010 साली क्रमांक 8 चा अपंग हक्क कायदा केला आणि त्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरण स्थापिले. त्या कायद्यातील आर्थिक व इतर लाभांचा रोख प्रामुख्याने कुवेती नागरिकांकडे आहे. आपण त्यावर हक्क सांगत नाही. परंतु व्हीलचेअरचे चाक पासपोर्ट पाहून फिरत नाही. उतार बांधला की त्यावरून सर्वांचीच चाके जातात. 22 एप्रिल 2025 पासून अमलात आलेल्या वाहतूक कायद्यातील दुरुस्तीने अपंगांच्या राखीव जागेत गाडी लावणाऱ्यास 150 दिनारांचा दंड ठेवला आहे. पूर्वी तो जेमतेम 10 दिनार होता. ज्या देशाने या अपराधाची किंमत पंधरा पटींनी वाढविली, त्या देशात एका व्यापारी संकुलाने त्याच जागेवर शंकू मांडावेत आणि वर अपंगाच्याच गाडीला जॅमर लावावा, हा उफराटा न्याय नव्हे काय?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या ज्येष्ठ बंधूंचा अनुभव येथे नोंदविणे उपयुक्त होईल, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले आता तेथे स्थायिक होत आहेत. पक्षाघातानंतर दादांना तेथील निळा बॅज मिळाला. या बॅज योजनेचे मूळ 1970 च्या कायद्यात आहे. एका खासगी वाहनतळावर ठरलेल्या वेळेपेक्षा पस्तीस मिनिटे अधिक थांबल्याबद्दल त्यांना 100 पौंडांची नोटीस आली. दादांनी प्रथम रागाने लिहिले, "माझ्याकडे निळा बॅज आहे, म्हणून दंड रद्द करा." उत्तर आले, बॅजच्या सवलती सार्वजनिक रस्त्यांसाठी आहेत, खासगी जमिनीवर त्या आपोआप लागू होत नाहीत. कायद्याच्या अक्षराप्रमाणे हे उत्तर बरोबर होते. येथेच बहुतेक लोक हार मानतात आणि पैसे भरून मोकळे होतात.

परंतु कायदा तेथे संपत नाही. पालिकेची दंडाची नोटीस आणि खासगी कंपनीची नोटीस यांची इंग्रजी आद्याक्षरे सारखीच असली, तरी दोन्हींचा अर्थ भिन्न आहे. खासगी नोटीस ही शासनाची शिक्षा नव्हे, ती करारभंगाची मागणी आहे. आणि जनतेला सेवा देणाऱ्या प्रत्येकावर, मग तो खासगी का असेना, तेथील 2010 च्या समानता कायद्याने अपंगांसाठी वाजवी फेरबदल करण्याचे कर्तव्य टाकले आहे. ज्याला गाडीतून उतरायलाच दहा मिनिटे लागतात, त्याला इतरांएवढाच वेळ देणे ही समानता नव्हे. 2015 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी वाहनतळाची 85 पौंडांची आकारणी वैध ठरविली, हे खरे. परंतु तो खटला अपंग व्यक्तीचा नव्हता आणि समानता कायद्याचा प्रश्न त्यात नव्हताच. दादांनी दुसरे पत्र लिहिले. त्यात बॅजचा उल्लेख केवळ पुरावा म्हणून केला. मुख्य आधार समानता कायद्याचा घेतला, फिजिओथेरपिस्टचे पत्र जोडले आणि अधिक वेळ का लागला ते मिनिटांच्या हिशेबाने मांडले. कंपनीने नकार दिल्यावर स्वतंत्र अपील यंत्रणेकडे ते मुदतीत गेले. आकारणी रद्द झाली. यातून घ्यायचा धडा असा की, कार्ड हा हक्क नव्हे. कार्ड ही हक्काची साक्ष आहे. हक्क कायद्यात असतो आणि तो मागावा लागतो.

मायदेशी काय स्थिती आहे? 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे 21 प्रकार मानले. त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसही आहे. 'सार्वजनिक इमारत' या शब्दाची व्याख्या करताना त्या कायद्याने सरकारीच नव्हे, तर जनता वापरते अशी खासगी इमारतही त्यात धरली. जुन्या इमारती सुगम्य करण्यासाठी नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून 2017 मध्ये निघाले. मुदत जून 2022 मध्ये संपली. आपण सुट्टीवर गावी जातो तेव्हा आपल्या तालुक्याच्या कचेरीचा जिना मोजून पाहावा, म्हणजे मुदत कशी संपली ते कळेल! राजीव रातुरी यांनी 2005 साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितले की, सुगम्यतेचे मापदंड केवळ शिफारस म्हणून ठेवणारा नियम मूळ कायद्याशीच विसंगत आहे. मापदंड बंधनकारकच हवेत. शिफारस आणि बंधन यांतील हे अंतर म्हणजेच मेहेरबानी आणि हक्क यांतील अंतर होय.

या संदर्भात नावाविषयीही दोन शब्द. 2016 पासून केंद्र शासनाच्या खात्याच्या नावात 'दिव्यांगजन' हा शब्द आला. महाराष्ट्राने 2022 साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापिला, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु त्या शब्दाविषयी माझ्या मनात किंतु आहे. आपल्याला एकदा 'हरिजन' म्हणून पाहिले गेले होते. देवाशी नाते जोडले की माणसाशी असलेले कर्तव्य संपते, असा तो सोयीचा मार्ग आपण ओळखला आणि नाकारला. माझ्या पत्नीचे पाय दिव्य नाहीत, ते दुर्बल आहेत. तिला दिव्यत्व नको, 3.6 मीटर रुंदीची जागा हवी. ही रुंदी मी मनाने सांगत नाही. भारतातील आदर्श इमारत उपविधींत अशा जागेची रुंदी किमान 3.6 मीटर आणि प्रवेशद्वारापासूनचे अंतर 30 मीटरांच्या आत असावे, असे म्हटले आहे. कारण उघड आहे : गाडीचे दार पूर्ण उघडून शेजारी व्हीलचेअर लावल्याशिवाय माणूस गाडीतून खुर्चीत सरकूच शकत नाही.

आता वैद्य या नात्याने बोलतो. "चार पावले चालल्याने काय बिघडते?" असे विचारणाऱ्यांसाठी हा परिच्छेद आहे. 21 जुलै 2016 रोजी कुवेतच्या मित्रिबाह येथे 53.9 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. जागतिक हवामान संघटनेने ते तपासून मान्य केले. याच उन्हामुळे येथील शासन जून ते ऑगस्ट या काळात सकाळी 11 ते दुपारी 4 पर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी घालते. धडधाकट मजुरासाठी जे ऊन घातक आहे, ते रोग्याला कसे सोसेल? मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मज्जातंतूंवरील आवरण झिजलेले असते. शरीराचे तापमान किंचित जरी वाढले तरी अशा तंतूतून संदेश नीट जात नाहीत. नजर धूसर होते, पाय लटपटतात. जर्मन नेत्रवैद्य उटहॉफ यांनी हे 1890 साली वर्णिले आहे. मेरुरज्जूला इजा झालेल्या अनेकांना इजेच्या पातळीखाली घामच येत नाही. त्यांचे शरीर उन्हात तापतच जाते. हृदय दुर्बल झालेला, फुप्फुसे निकामी झालेला रोगी बाहेरून धडधाकट दिसतो. पन्नास पावलांनंतर त्याचा श्वास काय म्हणतो ते त्यालाच ठाऊक. तेव्हा प्रश्न "चालू शकतो काय?" हा नाही. प्रश्न "किती, कशा अवस्थेत आणि पोहोचल्यावर त्याच्यात काय शिल्लक उरते?" हा आहे.

हे लिहिताना मान खाली घालावी लागते, कारण हा प्रश्न मीही नेहमी विचारला नाही. काही वर्षांपूर्वी आपल्याच देशातील एक वाहनचालक माझ्याकडे आला होता. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या. थोडे चालले की पोटऱ्या भरून येत. मालकाने त्याला लांबच्या मैदानात गाडी लावून पायी येण्यास बजावले होते आणि त्याला माझी चिठ्ठी हवी होती. तपासणीच्या खोलीत तो माझ्यासमोर दहा पावले चालला. मी 'चालू शकतो' असे लिहून मोकळा झालो. आज ती चिठ्ठी मला आठवते. माझ्या घरात व्हीलचेअर येईपर्यंत मला तिचा अर्थ कळला नव्हता, ही माझ्या विद्येची शोकांतिका आहे.

कार्डांचा दुरुपयोग होतो, असा आक्षेप घेतला जातो. होतो! महाराष्ट्रात 2024 साली अपंगत्वाच्या प्रमाणपत्रांवरून केवढा गदारोळ उठला, ते आपण वाचले आहे. खोटी प्रमाणपत्रे देणारे आणि घेणारे यांना कठोर शासन झालेच पाहिजे. परंतु खोट्या जातप्रमाणपत्रांचा दाखला देऊन आरक्षणच रद्द करा म्हणणाऱ्यांना आपण काय उत्तर देतो? चोराला पकडा, धन्याचे घर पाडू नका. तेच उत्तर येथेही लागू आहे.

राहिला तो "आपण पाहुणे आहोत" हा आक्षेप. पाहुण्याने यजमानाचा कायदा पाळावा, हे मला शंभर टक्के मान्य आहे. मी आवाज चढविला नाही, पैसे भरून पावती घेतली आणि मगच लेखी तक्रार केली. इंग्रजीतील माझ्या पत्राचा अरबी अनुवाद एका इजिप्शियन सहकाऱ्याने करून दिला. लेखी तक्रार म्हणजे उद्धटपणा नव्हे. उलट, यजमानाचे कायदे गांभीर्याने घेण्याचा तो सभ्य मार्ग आहे.

पाच आठवड्यांनी त्या संकुलातून दूरध्वनी आला. "आपण ज्येष्ठ डॉक्टर आहात, म्हणून सौजन्याखातर दहा दिनार परत करीत आहोत." मी नम्रपणे नाही म्हणालो. मी ज्येष्ठ आहे वा डॉक्टर आहे म्हणून पैसे परत मिळत असतील, तर माझ्या जागी उद्या एखादा मजूर आपल्या आईला घेऊन आला तर त्याचे काय? मी तीन गोष्टी मागितल्या : शंकू उचला, रखवालदारांना समज द्या आणि आकारणी चुकीची होती असे लिहून द्या. पुढच्या महिन्यात मी मुद्दाम जाऊन पाहिले. शंकू गेले होते. निळा रंग नव्याने दिला होता. ते पत्र मात्र आजतागायत आले नाही. म्हणून माझे दहा दिनार अजून तेथेच आहेत आणि माझी मागणीही तेथेच उभी आहे.

परंतु दुसऱ्यांच्या दाराकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात. गतवर्षी 14 एप्रिलनिमित्त आपण घेतलेल्या सभागृहाला एकोणीस पायऱ्या होत्या आणि लिफ्ट बंद होती. चार तरुण कार्यकर्ते धावत आले, "वहिनी, तुम्हाला खुर्चीसकट उचलून नेतो," म्हणाले. त्यांच्या प्रेमाविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण ती म्हणाली, "मला ओझ्यासारखे उचलू नका." आणि समतेवरील सारी भाषणे तिने खाली, जिन्याच्या तोंडाशी बसून ध्वनिक्षेपकावरून ऐकली. त्या दिवशी व्यासपीठावर बोलणाऱ्यांत मीही एक होतो!

म्हणून माझी या स्मरणिकेद्वारे आपणा सर्वांस विनंती आहे. यापुढे सभागृह ठरविताना भाडे विचारण्याआधी पायऱ्या मोजा. लिफ्ट चालू आहे काय, दरवाजाजवळ गाडी थांबू शकते काय, व्हीलचेअर जाईल असे शौचालय आहे काय, हे स्वतः जाऊन पाहा. राखीव जागेत "दोनच मिनिटे" म्हणून गाडी लावू नका आणि लावणाऱ्या मित्राला भीडेखातर गप्प राहून साथ देऊ नका. आणि कधी आपल्यावर अशी पावती फाडली गेलीच, तर रागावू नका, रडू नका, हातही जोडू नका. जागेचे छायाचित्र घ्या, वेळ लिहून ठेवा, वैद्यकीय कागद जोडा आणि लेखी विचारा : कोणत्या नियमाने?

हा प्रश्न विचारायला आपल्याला शिकविण्यात आलेले आहे. तो केवळ स्वतःच्या जातीपुरता विचारायचा, असे मात्र कोणीही शिकविलेले नाही.

जयभीम!